मागच्या खोलीतली ओल

गावंडे सर कोणाच्याही घरी गेले की आधी बसायचे नाहीत. चपला काढून आत आले की सरळ जवळच्या भिंतीवर उजवा तळहात टेकवायचे, डॉक्टर तापलेल्या कपाळावर टेकवतो तसा. मग घरच्या माणसाकडं वळून निकाल द्यायचे. "बरी आहे." नाहीतर, "थोडी कसर आहे इच्या अंगात. पाहू." लोकांना हे फार आवडायचं. आर्णीत आमच्या भागात निम्मी घरं जुनी, दगडी जोत्यावर मातीत रचलेल्या विटांची. अशा घरात राहणाऱ्याच्या भिंतीची कोणी विचारपूस केली, की त्याला घरातल्या माणसाचीच केल्यासारखं वाटतं.

सर चित्रकलेचे शिक्षक होते. भिंती हा त्यांचा विषय नव्हता, नाद होता. बाबा त्याच शाळेत इतिहास शिकवायचे, आणि मधल्या सुट्टीत दोघं एकाच डब्यातून जेवायचे. सर उंच, खांद्यात किंचित वाकलेले. चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. सदऱ्याच्या बाहीवर कधी निळा, कधी पिवळा डाग. खिशात बडीशेपेची डबी आणि एक छोटी लोखंडी पट्टी. बोलता बोलता ती पट्टी काढून ते समोरच्या भिंतीचा सुटलेला पोपडा उडवायचे, लहान मुलाच्या गुडघ्यावरची खपली काढावी तितक्या जपून.

रिकामं बसणं त्यांना जमायचंच नाही. आमच्याकडं चहाला आले, तर चहा उकळेपर्यंत करकरणाऱ्या दाराला तेल घालून झालेलं असायचं. आई संकोचून म्हणायची, "भावजी, राहू द्या ना ते." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "वहिनी, मी आहो ना." हे ते इतक्या सहज म्हणायचे, की ऐकणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं खरोखरच उतरायचं. मी यवतमाळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले आणि शनिवारी तेवढी घरी यायला लागले, तेव्हा आईबाबांची काळजी मला फारशी वाटली नाही, त्याचं एक कारण सर होते.

त्यांची एक गोष्ट बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. शाळेत तपासणी होती आणि हॉलच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेलेला. मुख्याध्यापकांची झोप उडालेली. सरांनी रविवारी हॉल उघडून घेतला, आणि सोमवारी त्या भिंतीवर आख्खा यवतमाळ जिल्हा उभा होता. वर नेर, खाली उजवीकडं पांढरकवडा, मधे आमची आर्णी. तड्याची त्यांनी नदी केली होती. निळी, वळणावळणाची, काठावर पळसाची झाडं. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या नकाशासमोर उभं राहून फोटो काढून घेतले. "हा माणूस तड्याची नदी करते बाप्पा!" असं म्हणून बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. सरही हसायचे, पण थोडे लाजून.

दुसरी गोष्ट बाबा सांगायचे नाहीत, कारण ती सांगताना त्यांचा आवाज जड व्हायचा. यवतमाळ रोडवर गाडी घसरून बाबांचा पाय मोडला होता. मी तेव्हा शाळेत होते. सर रोज संध्याकाळी यायचे, बाबांना खांद्याचा आधार देऊन न्हाणीघरात न्यायचे, पाठ चोळून द्यायचे. बाबा अवघडून जायचे, तर सर दटावायचे, "चूप बस बे. शाळेत तुले मुख्याध्यापक घाबरते, इथं मी नाही घाबरत." शाळेत बाबांचे तासही त्यांनी आपणहून मागून घेतले होते. इतिहास त्यांना येत नव्हता. फळ्यावर खडूनं किल्ला काढायचे आणि म्हणायचे, "सनावळ्या तुमच्या मधू सरायले विचारा. मी तुमाले चढण दाखवतो." मी त्या वर्गात होते. त्या चढणी अजून माझ्या डोळ्यांपुढं आहेत.

हे सगळं मी आधी सांगून टाकते आहे, कारण पुढचं वाचून हा माणूस ढोंगी होता असं कोणाला वाटेल. तसा असता तर आम्हाला सोपं गेलं असतं.

निवृत्त झाल्यावर सरांनी यवतमाळ रोडवरच्या नव्या लेआउटमध्ये घर बांधलं आणि गावातलं जुनं विकायला काढलं. एका व्यापाऱ्याशी बोलणं जवळजवळ ठरलं होतं. आम्ही तोवर भाड्याच्या घरात. एक दिवस सर आले, भिंतीला हातसुद्धा न लावता खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मधू, मी नाही देत त्या माणसाले. गोदाम करून टाकीन तो. माह्या घरात घरचाच माणूस राह्यला पाह्यजे. तू घे."

बाबांनी घर नीट पाहिलंसुद्धा नाही. पाहायचं काय त्यात? तिथंच तर त्यांच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या होत्या. ओसरी, बैठक, माजघर, स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागं, दोघांची ओळख होण्याच्याही आधी वाढवलेली एक झोपायची खोली. उन्हाळ्यातही ती गार असायची. आईनं तीच आपल्यासाठी ठरवली. ताबा द्यायच्या आधी सरांनी त्या खोलीला कंबरेपर्यंत हिरवा ऑइल पेंट दिला, आणि त्या रंगाच्या वरच्या कडेनं चारही भिंतींवर जाईची वेल काढली. पानं, कळ्या, मधेच एखादं फुलपाखरू. "वहिनीसाठी माह्याकडून," म्हणाले. आई घरी येईल त्या बाईला आधी ती वेल दाखवायची.

दिवाळी सरली, थंडी पडली, आणि वेलीखालचा हिरवा रंग फुगायला लागला. आधी बोराएवढे फोड आले. आईनं एकावर बोट दाबलं, तर आतून पाणी आलं. मग पापुद्रे सुटले आणि त्यांच्याखालून मिठासारखी पांढरी भुकटी गळायला लागली. आमच्याकडं त्याला भिंतीला लोणा लागला म्हणतात. आई सकाळी झाडून काढायची, संध्याकाळी पुन्हा भिंतीच्या कडेला पांढरी ओळ. पाऊस जाऊन महिने झाले होते आणि छत कोरडं होतं. ओल वरून येत नव्हती, जमिनीतून भिंतीत चढत होती. कपाटातल्या साड्यांना कुबट वास यायला लागला. गादीची भिंतीकडची कड कायम दमट.

सर निरोप मिळाल्याबरोबर आले. त्या दिवशी त्यांचा तळहात भिंतीवर बराच वेळ राहिला.

"जुन्या घराले असते थोडंफार," ते म्हणाले. "आपली काळी माती पाणी धरून ठेवते. टेन्शन कायले घ्याचं मधू? मी आहो ना."

आणि ते राबले. त्याबद्दल मी आजही वेगळं काही म्हणणार नाही. साठी उलटलेला माणूस डोक्याला पंचा बांधून स्वतः गिलावा खरवडत होता. सिमेंटमध्ये ओल अडवणारी पूड मिसळून त्यांनी कंबरेपर्यंत नवा गिलावा चढवला. त्यावर पुन्हा रंग. जिथं वेल पुसली गेली होती तिथं पानं परत काढली. थोडे दिवस भिंत गप्प राहिली. मग ओल त्या सिमेंटच्या पाठीमागून चढून वर निघाली, खांद्याइतक्या उंचीवर. तेव्हा सरांनी भिंतीच्या बुडाशी ओळीनं भोकं पाडून घेतली आणि यवतमाळहून आणलेलं एक औषध त्यांत ओतलं. खोलीला महिनाभर रॉकेलसारखा वास येत होता. ओल माजघराच्या भिंतीत सरकली. एकदा आई दिवा लावायला गेली, तर ओल्या भिंतीतल्या बटणाचा असा झटका बसला, की हात दिवसभर थरथरत होता.

आईला खोकला लागला तो याच काळात. आधी सकाळचा, मग दिवसभराचा, मग ओसरीची पायरी चढतानाही श्वास पुरेना. यवतमाळच्या डॉक्टरांनी छाती तपासून पहिला प्रश्न विचारला तो घरात ओल आहे का, हा.

त्या दिवशी परत आल्यावर बाबा सरांना म्हणाले, "श्रीराम, एकदा मागच्या खोलीची फरशी फोडून पाहू. खालून काय येऊन राह्यलं ते तरी समजन."

"फरशीले हात नको लावू," सर पटकन म्हणाले. "जोतं हलन. मंग घरच जाईन."

मग ते एकटेच घराच्या मागच्या बाजूला गेले. बराच वेळ तिथं उभे राहिले आणि आत येऊन हळू आवाजात म्हणाले, "मधू, मले वाटते हे पाणी तायड्यायच्या न्हाणीचं आहे."

तायडे आमचे मागचे शेजारी. त्यांची न्हाणी आमच्या मागच्या भिंतीला लागून होती. प्रमिलाताई तायडे अंगणवाडी सेविका, नवरा एसटीत ड्रायव्हर, बहुतेक वेळ ड्यूटीवर, आणि घरात म्हातारी सासू. बौद्ध कुटुंब. आम्ही राहायला आलो त्या दिवशी पहिला चहा त्यांच्याकडून आला होता. आईचा खोकला वाढला तेव्हा आडुळशाची पानं प्रमिलाताईच आणून द्यायच्या. भीमजयंतीला त्यांची खीर आमच्याकडं, दिवाळीला आमचा फराळ त्यांच्याकडं.

बाबांना पटेना. "न्हाणी तर त्यांची पहिलेपासून आहे. तुह्या वेळी नाही आली ते ओल?"

"माह्या वेळी एवढं पाणी कुठं होतं त्यायच्याकडं? आता मोटर आली, टाकी आली. दिवसभर पाणी सुरू असते."

बाबा बरेच दिवस गेले नाहीत. पण आईला पहाटे उठून बसावं लागायचं, खिडकीचा गज धरून. एका शनिवारी मी घरी असताना ते उठले, सदरा बदलला आणि तायड्यांकडं गेले. मीही मागं गेले. बाबा फार सभ्यपणे बोलले. ताई, जरा अडचण आहे, तुमच्या न्हाणीचं पाणी आमच्या भिंतीत मुरतं आहे असं वाटतं, काही करता येईल का.

प्रमिलाताईंनी सगळं ऐकून घेतलं. "सर, आमची न्हाणी कोरडी ठक्क आहे. आत येऊन पाहा."

"मी नाही, जाणकार माणसानं पाहून सांगितलं आहे," बाबा म्हणाले. आत मात्र गेले नाहीत.

प्रमिलाताई म्हणाल्या, "पाण्यावरून आमच्या दारात येणारे तुम्ही काही पहिले नाही, सर. तुमच्याकडून वाटलं नव्हतं, एवढंच."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. चवदार तळ्याचा धडा वर्गात शिकवताना ज्यांचा आवाज दरवर्षी भरून यायचा, तो हा माणूस. पण आईचा श्वास पाहिला की त्यांना वाटायचं, आपण काय वाईट मागितलं?

तायड्यांनी न्हाणी पाडली आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नवी बांधली. प्रमिलाताई एका शब्दानं भांडल्या नाहीत. आडुळसा येणं बंद झालं. पावसाळ्यात त्यांची म्हातारी त्या नव्या न्हाणीकडं जाताना शेवाळावरून घसरली आणि मनगट मोडून बसली. आमची भिंत होती तशीच ओली.

"वेळ लागते," सर म्हणाले. "भिंतीनं पिलेलं पाणी लवकर नाही निघत."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुसुमकाकू आमच्याकडं आल्या. सरांच्या पत्नी. बोलायला मोकळ्या, मायाळू. पण आम्ही या घरात आल्यापासून त्या कधी फिरकल्या नव्हत्या. सर एकटेच यायचे आणि सांगायचे, तिचे गुडघे दुखतात. त्या दिवशी सर कुठंतरी बाहेर गेले होते आणि काकू शेजारणीच्या स्कूटीवर बसून आल्या होत्या. बाकीच्या बायका गेल्यावर त्यांना आपलं जुनं घर पाहावंसं वाटलं. पाहत पाहत मागच्या खोलीत आल्या आणि दारातच थबकल्या.

"अव माय, अजून नाही का हटली इची ओल?"

आई म्हणाली, "तुमच्या वेळीही होती?"

"होती म्हणजे? आमी तर या खोलीत कवाच झोपलो नाही. कांदे बी सडत होते इथं. विहिरीवर खोली बांधल्यावर दुसरं काय होईन? माह्या सासूबाईनं लई नाही म्हणलं होतं. यायनं ऐकलं नाही. मलबा टाकून बुजवली अन् वरतून फरशी करून टाकली. खाली पाणी जित्तंच राह्यलं न."

"कोणती विहीर?" आईनं विचारलं.

"हे काय, तुमच्या पलंगाखाली," काकू म्हणाल्या. "यायनं सांगतलं असंनच की तुमाले."

मग त्यांनी आईचा चेहरा पाहिला, आणि माझा. हातातलं वाण त्यांनी छातीशी धरलं. आईनंच पुढं होऊन त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि धरून ओसरीपर्यंत पोचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना मी गाडीवर मागं बसवून लेआउटला नेलं. सर अंगणात शेवंतीला पाणी घालत होते. बाबांना पाहून खुलले. "ये मधू, ये! कुसुम, चहा टाक बरं."

काकू बाहेर आल्या नाहीत. बाबा फाटकाशीच उभे राहिले.

"श्रीराम, मागच्या खोलीखाली विहीर आहे?"

सरांनी आधी नळ बंद केला. पाइप गुंडाळून ठेवला. "होती," ते म्हणाले. "बुजवली."

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तू घेतलं असतं?"

"नसतं घेतलं."

"मंग," सर म्हणाले. इतकंच, जणू सगळं त्यात आलं.

सर जवळ आले. "मले वाटलं, तुले समजाच्या आधी मी नीट करून टाकीन. खोटं नाही सांगत मधू. त्या व्यापाऱ्यानं माणूस आणून फरशी ठोकून पाहाले लावली, अन् मागं हटला. तू ठोकून पाह्यलं नसतं, हे मले माहीत होतं. पण पुढं मी राबलो ना? ते काय नाटक होतं?"

"नाही," बाबा म्हणाले. "राबला तू. पण तायड्यायचं नाव कायले घेतलं?"

"तू फरशी फोडाले निघाला होता. कोणाचं तरी घ्या लागलं असतं."

"त्यायचंच?"

"त्यायचं घेतलं की कोणी जास्त विचारत नाही."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, चुन्यात पाणी किती घालायचं ते सांगावं तसं. बाबांनी उघडं फाटक ओढून घेतलं.

"मी बी नाही विचारलं," बाबा म्हणाले, आणि वळून गाडीकडं चालू लागले. सरांनी मागून हाक मारली नाही. गावाजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "घरी नको. तायड्यायच्या इथं थांबव."

प्रमिलाताई अंगणात तूर पाखडत होत्या. बाबांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं; विहीर, सरांचं बोलणं, स्वतःचं न विचारणं, काही गाळलं नाही. न्हाणी पूर्वीच्या जागी बांधून देतो म्हणाले.

"नको," प्रमिलाताई म्हणाल्या. "आता तिकडची सवय झाली आमाले. तुम्ही येऊन बोलले, मी ऐकलं. पण माफ केलं असं मी म्हणणार नाही, सर. माझ्यापेक्षा आईले विचारा. पडल्या त्या."

म्हातारी बाजेवर बसली होती. तिनं उजवा हात उचलून दाखवला. मनगट एका बाजूला वळलेलं. "जुळला बाबू," ती म्हणाली. "वाकडा जुळला, पण जुळला." बाबांनी तिचे पाय धरले, तेव्हा ती संकोचून पाय मागं घ्यायला लागली. प्रमिलाताई सूप हातात घेऊन आत गेल्या आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

उन्हाळ्यात आम्ही मागची खोली पाडली. मजूर वेलीच्या भिंतीवर घण घालायला लागले, तेव्हा आई ओसरीतून "थोडं हळू" म्हणाली आणि मग स्वतःच तिथून उठून गेली. फरशी निघाली, खाली विटांचे तुकडे, राख, कौलं, सडलेली लाकडं, आणि त्या सगळ्याला काळ्या चिखलात धरून बसलेलं पाणी. छताचं पाणीही इतकी वर्षं त्याच खड्ड्यात मुरत होतं. मलबा उपसून विहीर मोकळी केली, दगडी कठडा बांधला, वर जाळी बसवली, पावसाच्या पाण्याला दुसरीकडं वाट काढून दिली. माजघराच्या भिंतीवरचं सरांचं सिमेंट खरवडून काढलं आणि विटा पूर्ण उन्हाळाभर उघड्या ठेवल्या. मग चुन्याचा गिलावा. भिंती हळूहळू वाळल्या. आईचा खोकला कमी झाला, गेला मात्र नाही. डॉक्टर म्हणाले, छातीत जे बसलं ते थोडं राहणारच.

आईनं सरांचं नाव कधी वाईट शब्दांनी घेतलं नाही. चांगल्याही नाही. नकाशाची गोष्ट बाबांनी पुन्हा कोणाला सांगितली नाही. सर मात्र रोज सकाळी बाबांच्या मोबाइलवर स्वतः काढलेलं एखादं चित्र पाठवत राहिले, कधी पळस, कधी बैलजोडी, आणि खाली त्यांच्या वळणदार अक्षरात 'सुप्रभात मधू'. बाबा ते उघडायचे, पाहायचे, उत्तर द्यायचे नाहीत. नंबर काढूनही टाकला नाही. एकदा मी म्हटलं, "बाबा, ब्लॉक करून टाका ना." ते म्हणाले, "पाठ चोळून दिली आहे ग त्यानं माझी." आणि मोबाइल उशीखाली ठेवला. एक दिवस चित्र आलं नाही. दुपारी सर गेल्याचं कळलं. बाबा मसणवटीत जाऊन आले, आंघोळ केली आणि ओसरीवर बसून राहिले.

माझी आणि सरांची शेवटची भेट त्याच्या आदल्या हिवाळ्यातली. यवतमाळहून आर्णीच्या गाडीत चढले, तर पुढच्या सीटवर सर. डोळे दाखवून परत येत होते. बरेच थकलेले, सदरा खांद्यावर लोंबत होता. मला पाहून त्यांनी सीटवरची पिशवी मांडीवर घेतली. "अर्चना! ये, बस इथं." मी बसले. त्यांनी मला शिकवलं होतं. उभं राहणं मला जमलं नाही.

बराच वेळ खिडकीबाहेर पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "वाळली का भिंत?"

"वाळली."

"कशी केली?"

मी सांगितलं. विहीर कशी मोकळी केली, पाणी कुठून वळवलं, विटा किती दिवस उघड्या ठेवल्या. ते डोळे मिटून मान डोलावत ऐकत होते.

"गिलावा चुन्याचाच ना? सिमेंट तर नाही लावलं?"

"नाही."

"बरोबर. सिमेंट नाही चालत तिथं. पाणी कोंडून ठेवते ते." मग समाधानानं त्यांनी डबीतून बडीशेप काढली, थोडी माझ्या हातावर घातली. "हेच करा लागत होतं. मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं."

मी त्यांच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर लाज नव्हती, खोटेपणाही नव्हता. एखाद्या पोरानं चित्र अखेर बरोबर काढून आणल्यावर व्हायचा तसा तो चेहरा झाला होता. वाटलं, आता बाबांबद्दल विचारतील. निदान तायड्यांच्या म्हातारीबद्दल. गाडी लेआउटच्या फाट्यावर आली तरी त्यांनी ते काही विचारलं नाही.

दांड्याला धरत धरत ते उतरले. खाली गेल्यावर माझ्या खिडकीशी आले आणि हातातली पिशवी वर केली. पेरू होते.

"आईले दे," म्हणाले. "मऊ आहेत. चावाले त्रास नाही होत."

मी पिशवी घेतली. गाडी सुटली. मी मागं वळून पाहिलं. सरांनी चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला, दोन्ही बाजूंना पाहून रस्ता ओलांडला आणि लेआउटच्या वाटेला लागले. इतक्या हलक्या पावलांनी चालताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.